न वाचता घेतलेली सही

रविवारी सकाळी आमच्या घरी इंग्रजी लिहून मिळायचं, आणि तेही फुकट. बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. नागपूरच्या धरमपेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांपुढे एक लांबट व्हरांडा होता. तिथे सतरंजी टाकून ते बसायचे आणि कुणाची रजा, कुणाची बदली, कुणाच्या पोराची फीमाफी, असे अर्ज लिहून द्यायचे. माणसं चपला काढून रांगेनं बसायची. आई आतून चहा पाठवता पाठवता वैतागायची आणि तरी पाठवायची.

बाबांची लिहायची एक ठरलेली तऱ्हा होती. आधी पेनाला हात लावायचा नाही. समोरच्यानं आपल्या बोलीत सगळं सांगायचं, बाबांनी खोदून खोदून विचारायचं, आणि मग कुठे एकेक वाक्य कागदावर यायचं. लिहून झालं की खरी गंमत असायची. इंग्रजी ओळीवर बोट ठेवून बाबा तीच ओळ पुन्हा मराठीत सांगायचे आणि विचारायचे, "हेच म्हणाचं होतं ना तुम्हाले?" माणूस जरा जरी अडखळला तरी ती ओळ गेलीच. मग नवा कागद घ्यायचा. पंधरा ओळींच्या अर्जाला दोन-दोन तास लागायचे.

एकदा एक जण बदलीसाठी आला होता. म्हणाला, "बाबूजी, लिहा का आई मरणाले टेकली."

"टेकली का?"

"तशी नाही. गुडघे दुखते तिचे."

"मग गुडघे दुखतात असं लिहू."

तो बिचारा हिरमुसला. "गुडघ्यावर कोण बदली देते, बाबूजी? थोडं रडून लिहा ना."

बाबांनी गुडघेच लिहिले. त्याची बदली झाली की नाही ते आता मला आठवत नाही. पण जाताना तो फाटकापाशी जे पुटपुटला ते मी ऐकलं होतं, आणि मनातून मी त्याच्याच बाजूची होते.

कारण मला या सगळ्याचा मनस्वी कंटाळा यायचा. ही गोष्ट एकाहत्तर-बहात्तरची असेल. मी नुकतीच बी.ए. झाले होते, इंग्रजी घेऊन, आणि घराजवळच्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जात होते. स्पीड चाळीसच्या वर गेला होता. बाबांचं इंग्रजी मला फार गरीब वाटायचं. छोटी छोटी वाक्यं. ना एखादा भारदस्त शब्द, ना कुठे लय. मॅट्रिक झालेल्या माणसाचं इंग्रजी ते, आणखी काय असणार, असं मी मैत्रिणींना सांगायचे. हे आज लिहिताना लाज वाटते, पण सांगायचे खरी.

इन्स्टिट्यूटमध्ये एक जाडजूड वही होती. सर तिला नमुन्यांची वही म्हणायचे. वर्षानुवर्षांचे अर्ज तिच्यात उतरवलेले होते, आणि स्पीडची प्रॅक्टिस म्हणून आम्ही तेच टाइप करायचो. नागपुरात तेव्हा निम्मे अर्ज अशा कुठल्या ना कुठल्या वहीवरूनच निघायचे. नाव बदलायचं, तारीख बदलायची, बाकी मजकूर तोच. आणि त्या मजकुरात सगळे रडायचे. प्रत्येक अर्जदार दीन, अगतिक, मायबाप सरकारच्या पायाशी लोळण घेणारा. सर म्हणायचे, "इंग्रजीत रडल्याशिवाय सरकारला पाझर फुटत नाही." ते मला अगदी पटलं होतं. त्यातले काही अर्ज तर माझे तोंडपाठ झाले होते, इतकं मला ते इंग्रजी आवडायचं.

आमच्या घरामागच्या चाळीत एक मावशी राहायच्या. हिंगण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या. त्यांचा नवरा एका सरकारी गोदामावर चौकीदार होता. त्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. मावशींना दोन मुली, एक पाचवीत आणि एक तिसरीत. दिवस झाले तसे दीर आले आणि गावी चला म्हणू लागले. गावी जायचं म्हणजे काय ते मावशींना पक्कं ठाऊक होतं. दिराच्या घरी राबायचं आणि पोरींची शाळा बंद. गावात शाळा चौथीपर्यंतच होती.

अशात नवऱ्याच्याच कचेरीतून कुणीतरी निरोप आणला. पाणी भरायला, खोल्या झाडायला आणि फायलींचे गठ्ठे वरच्या मजल्यावर न्यायला एक बाई घ्यायची आहे. चौकीदाराच्या बायकोनं अर्ज केला तर साहेब विचार करतील. सोमवारपर्यंत अर्ज हवा.

मावशी शुक्रवारी आमच्याकडे आल्या. बाबा भंडाऱ्याला लग्नाला गेले होते, रविवारी संध्याकाळी येणार होते.

"मंग रविवारीच येतो मी," मावशी म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही येतो-जातो असंच बोलतात. "बाबूजीच्या हातचाच बरा."

बस, हे मला लागलं. मी म्हटलं, "मी आहे ना, मावशी. बाबांपेक्षा चांगला लिहून देते, आणि टाइप केलेला. हातानं लिहिलेलं आजकाल कोण वाचतं?"

त्या बसल्या. बाबांच्या पद्धतीनं आधी सांगू लागल्या. मी हूं हूं करत होते, पण माझं लक्ष कुठे होतं? मी मनात वाक्यं जुळवत होते. त्या काय बोलल्या ते मला पुढे आठवावं लागलं, तेव्हा जेमतेम दोन-तीन गोष्टी आठवल्या. तुरीचं पोतं पाठीवर घेऊन मी घरापर्यंत आणतो, असं काहीतरी. एक दिवस बिछान्यावर पडली नाही कधी, असं काहीतरी. आणि काम द्या म्हणा, दया नोको, असंही.

मी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन नमुन्यांची वही उघडली. विधवेचा अर्ज एकच होता त्यात, आणि काय अर्ज होता तो! शोकानं आणि व्याधींनी जिचं शरीर खचून गेलं आहे, जी अंगमेहनतीला सर्वथा असमर्थ आहे, जिला या जगात कुणाचा आधार उरला नाही, अशी मी अभागिनी. इंग्रजीत ते वाक्य चार ओळी चालायचं आणि कुठेही ठेच लागत नसे. मी ते जसंच्या तसं उचललं. पुढेमागे माझी दोन-तीन वाक्यं घातली, तीही त्याच सुरात. नाव, तारीख, कचेरीचा पत्ता बदलला. खाली कार्बन घालून एक नक्कल काढली. एकही खाडाखोड नाही. सरांनासुद्धा दाखवलं, ते म्हणाले, फर्स्ट क्लास.

शनिवारी मावशी सही करायला आल्या. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "वाचून दाखव ना वं, काय लिवलं तं."

"इंग्रजी आहे मावशी, तुम्हाला काय कळणार? छान झालंय. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल बघा."

त्या जरा घुटमळल्या. मग त्यांनी पेन घेतलं. सही करायला त्या अलीकडेच शिकल्या होत्या, पाचवीतल्या मुलीकडून. एकेक अक्षर काढताना ओठ हलत होते. सही झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागद पदराखाली धरून गेल्या. बाबा आले तेव्हा मी त्यांना ऐटीत सांगितलं की मावशींचं काम मी करून टाकलं. त्यांनी विचारलं, "वाचून दाखवलंस?" मी हो म्हटलं. खोटं बोलले मी, सरळ सरळ.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मावशी पाकीट घेऊन आल्या, मोठ्या पोरीला सोबत घेऊन, दोघीही धुतलेली लुगडी-परकर नेसून. बाबांनी पाकीट उघडलं, वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चार ओळींचं होतं ते. अर्जदार स्वतःच कळवतात की त्या अंगमेहनतीचं काम करण्यास असमर्थ आहेत, सबब या जागेसाठी त्यांचा विचार करता येत नाही.

बाबांनी ते मराठीत सांगितलं. मावशींना कळेना. "म्या कधी कळवलं असं? काहून म्हणून राहिले ते?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्कल आहे?"

मी कार्बनची नक्कल आणून दिली. बाबांनी ती वाचली, आणि माझ्याच हातात परत दिली. "वाच. मराठीत. बाईंना सांग काय लिहिलंस ते."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला पळून जाता आलं असतं. मी ओळीवर बोट ठेवलं आणि सांगायला लागले. खचलेलं शरीर. व्याधी. असमर्थ. ज्या वाक्यांवर मी इतकी खूश होते ती मराठीत आणताना माझी जीभ अडखळत होती, कारण समोर मावशी बसल्या होत्या. धडधाकट, उन्हानं रापलेल्या, मनगटं माझ्या दुप्पट. सरळ बसल्या होत्या त्या. अभागिनीला मी काय शब्द वापरला कोण जाणे, पण तो ऐकताच त्यांनी हातानं मला थांबवलं.

"मी कुठं हावो अशी?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता त्यांचा. खरंच विचारत होत्या. "म्या तं तुले सांगतलं होतं ना, का मी समदं काम करीन म्हून?"

मोठी पोर माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिला सगळं समजलं होतं.

त्या दिवशी मला कळलं की तो नमुना कशाचा होता. वहीतून उतरवलं हे मी कबूल केल्यावर बाबांनीच सांगितलं. ज्या विधवेला काम करणं शक्य नाही तिनं सरकारकडे मदत मागायची, तिचा तो अर्ज. तिथे ते वाक्य खरं होतं, म्हणून चांगलं होतं. मी ते काम मागणाऱ्या बाईच्या तोंडी घातलं. व्याकरणाची एक चूक नव्हती हो त्यात. शोधून काढा म्हटलं असतं तरी सापडली नसती. मी तेवढंच म्हणाले, रडत रडत, की बाबा, इंग्रजी तर बरोबर होतं.

"बरोबर नव्हतं," बाबा म्हणाले. "जे त्यांनी सांगितलंच नाही ते बरोबर कसं होईल? परक्या भाषेत लिहितो आपण. ज्याच्या नावानं लिहितो त्याला ती वाचता येत नाही. त्यानं डोळे मिटून आपल्या हातात हात दिलेला असतो, बेटा. म्हणून हळू चालायचं."

मग त्यांनी मावशींना विचारलं, "बाई, पुन्हा लिहू?" मावशी म्हणाल्या, लिवा. तो अर्ज बाबांनी मला लिहायला लावला. माझ्या हातांनी, टाइप नाही. पाच वाक्यं झाली. नवरा तुमच्याकडे अकरा वर्षं चौकीदार होता. मी बत्तीस वर्षांची आहे. शेतात सगळी कामं केली आहेत, ओझं उचलते. दोन मुली इथल्या शाळेत आहेत. ही जागा मला द्यावी. प्रत्येक वाक्य मी मराठीत परत सांगितलं आणि प्रत्येक वेळी मावशींनी "हो" म्हटल्यावरच पुढे गेले. दोन तास लागले. चहा थंडगार होऊन गेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आम्ही तिघं सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत गेलो. साहेब चांगले होते. बसा म्हणाले. नवा अर्ज वाचला, फाइलमधून जुना काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"सही दोन्हीवर तुमचीच आहे, बाई?"

"हो साहेब."

"एकावर म्हणता काम होत नाही, दुसऱ्यावर म्हणता होतं. मी कुठलं खरं मानू? उद्या ओझं उचलताना काही झालं तर लोक मलाच विचारतील, तिनं लिहून दिलं होतं ना?"

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्यापुढे कागद होता, आणि कागद माझा होता. बाबा काहीतरी सांगणार म्हणून मी वाट पाहिली. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तेव्हा मला समजलं की हे त्यांनी बोलायचं नाही.

मी म्हटलं, "साहेब, पहिला अर्ज मी लिहिला. हे मी लिहून देऊ का?"

बाहेरच्या बाकावर बसून लिहिलं. आजवर मी पुष्कळ इंग्रजी लिहिलंय, पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण त्याच्याइतकं जड काही लिहिलं नाही. या बाईंनी मला असं सांगितलं नव्हतं. त्या निरोगी आहेत. ते शब्द मी दुसऱ्या अर्जावरून उतरवले. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं नाही. खाली माझं नाव आणि बी.ए. लिहिलं, मग ते बी.ए. खोडलं. बाबांनी कागद घेतला, ओळीवर बोट ठेवलं आणि तिथे कचेरीच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मला मराठीत वाचून दाखवला. चौथ्या ओळीवर ते थांबले. वाचून दाखवलं म्हणून मी त्यांना सांगितलं होतं ना. मग विचारलं, "हेच म्हणायचंय तुला?"

"हो, बाबा."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत नेलं. साहेबांनी ते वाचलं, फाइलीला लावलं आणि कळवतो म्हणाले. बस, एवढंच.

मग वाट पाहणं आलं. दोन महिने. दीर मधे दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा तर त्यांनी सामान बांधायला सुरुवातही केली होती, मावशींनी ते सोडलं. मी रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी उभी राहायचे आणि मावशी मागच्या बाजूनं. आमची नजरानजर व्हायची. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या असं नाही, बोलायच्या, पण भाजीचं, पाण्याचं. त्या दिवसांत मी इन्स्टिट्यूटला जात होते, पण ती वही मात्र मी परत उघडली नाही. सरांनी कारण विचारलं तर सांगितलं, स्पीड पुरे झाला.

पाकीट आलं ते दुपारी. बाबा कचेरीत होते. मला वाटलं मावशी संध्याकाळपर्यंत थांबतील, त्यांच्यासाठी. पण त्या थेट आमच्या व्हरांड्यात आल्या आणि पाकीट माझ्यापुढे धरलं.

"वाच."

मी वाचलं. आधी इंग्रजी, मग ओळीवर बोट ठेवून मराठी. पाणी भरण्याच्या आणि साफसफाईच्या जागेवर आपली नेमणूक करण्यात येत आहे. पहिल्या तारखेला सकाळी दहाला हजर व्हावे. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, घाईत काही चुकू नये म्हणून.

मावशी माझ्या बोटाकडे पाहत होत्या. "तुह्या मनचं नाही ना टाकलं वं काही?"

"नाही मावशी. जे आहे तेच."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, घडी केली, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून समोर गेल्या. समोर एक म्हातारे कंपाउंडर राहायचे, त्यांना इंग्रजी येत होतं. मी दारात उभी राहून पाहिलं. कंपाउंडरनी चष्मा शोधला, पुसला, कागद उजेडाकडे धरला. मावशी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि यात त्यांचं काही चुकलं नाही हेही त्याच क्षणी वाटलं.

थोड्या वेळानं त्या परत आल्या. व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. डोळे भरले होते त्यांचे.

"तेही तेच सांगून राहिले," म्हणाल्या. मग माझा हात ओढून मला शेजारी बसवलं. "आता माहे समदे कागद तूच वाचत जाजो. मी एकडाव समोर इचारून घेईन. त्याचं वाईट नोको वाटून घेऊ."

नोकरीत असेपर्यंत त्यांनी तसंच केलं. कागद आधी माझ्याकडे यायचा, आणि मग समोर जायचा.